आत्यांची उडी

लग्न होऊन मी मुलुंडला आले तेव्हा घरात नवरा, सासूबाई आणि नवऱ्याची आत्या होती. सासरे आधीच गेले होते. आत्यांनी लग्न केलं नव्हतं. का, ते कोणी सांगत नसे आणि विचारायची माझी छाती नव्हती. पासष्टी ओलांडलेल्या, काटक, डाव्या पायाने जराशा लंगडत चालणाऱ्या. मालवणकडून लालबागला भावाकडे आल्या त्या भावाच्याच घरच्या झाल्या. तरुणपणी बिस्किटांच्या कारखान्यात होत्या, एवढंच मला माहीत. बांगड्याचं तिखलं करावं तर त्यांनीच. पण पाल दिसली की स्टुलावर चढून "वयनीऽऽ" अशी हाक मारायच्या आणि सासूबाई झाडू घेऊन धावायच्या.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं असतील. एका सकाळी आम्ही दोघी भाजी घेऊन परत येत होतो. ऊन रणरणत होतं. वाटेत वाचनालयाच्या हॉलवर 'जुन्या फोटोंचं प्रदर्शन' असा फलक होता. मी म्हटलं, "आत्या, आत पंखे असतील. दोन मिनिटं टेकूया."

फोटो होते घाटकोपरच्या एका गृहस्थांचे. बँकेतली नोकरी सांभाळून त्यांनी आयुष्यभर रद्दीवाल्यांकडून आणि बंद पडलेल्या स्टुडिओंमधून ते गोळा केले होते. घोड्यांची ट्राम, गिरणीच्या दाराशी पोरं काखेत घेऊन उभ्या असलेल्या बायका, लंगोट कसलेले पैलवान. आत्या पिशवी सांभाळत निमूट बघत होत्या. शेवटच्या भिंतीवर जुन्या बोलपटांचे फोटो होते. त्यातल्या एकात किल्ल्याच्या तटावरून एक बाई खाली झेपावत होती. केस उडालेले, चेहरा हाताआड आणि अनवाणी पाऊल थेट कॅमेऱ्याकडे. खाली त्या काळच्या एका गाजलेल्या नटीचं नाव.

आत्या थांबल्या. चष्मा पुसला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "ह्यो पाय माझो."

मला वाटलं, ऊन लागलं. "काय म्हणालात?"

"माझो गो. ती बाय खय उडी मारतली? तिका खुर्चयेवरसून उतरूक हात लागायचो."

मागे ते गृहस्थ उभे होते. त्यांनी ऐकलं. हसले नाहीत. नुसतं म्हणाले, "आजी, कशावरून?"

आत्यांनी तिथल्या तिथे उजव्या पायातली चप्पल काढली आणि पाऊल पुढे केलं. लहानपणी नारळ पडून त्यांची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकली होती. ती मी रोज बघत होते. गृहस्थ फोटोजवळ वाकले, मग आत्यांच्या पायाशी वाकले, परत फोटोजवळ गेले. तशीच करंगळी, तशीच वाकलेली. ते उभे राहिले तेव्हा त्यांचा चेहरा शाळकरी पोरासारखा झाला होता.

"हा सिनेमा मी लहानपणी पाहिलाय हो! या उडीला किती शिट्ट्या मारल्या होत्या मी. म्हणजे त्या सगळ्या शिट्ट्या तुमच्या!"

आत्या लाजल्या. त्यांना लाजताना मी पहिल्यांदा पाहत होते.

खुर्च्या आल्या, चहा आला, आणि आत्या बोलू लागल्या. त्या वर्षी भाऊ टायफॉइडने अंथरुणाला खिळला होता. घरात चूल पेटायची पंचाईत. चाळीतल्या एका बाईबरोबर त्या अंधेरीच्या एका स्टुडिओत गर्दीत उभं राहायला गेल्या. त्या दिवशी नटीच्या जागी उडी मारायला साडी नेसवून एक माणूस उभा केला होता. त्याचा पहिल्याच उडीत पाय मुरगळला. दिग्दर्शक डोक्याला हात लावून बसला. आत्या गर्दीतून पुढे झाल्या आणि म्हणाल्या, मी मारते. गावाला त्या माडावर चढत असत. तटाखाली गवत पसरलेलं होतं. "माडाखाली तर गवतय नसता," त्या म्हणाल्या.

पुढची काही वर्षं त्यांनी तेच केलं. घोडे, दोरखंड, पेटती झोपडी. एकदा घोड्यावरून पडून डावा गुडघा गेला आणि ते संपलं.

घरी येताना मी एकच विचार करत होते. सासूबाईंना हे कसं सांगायचं? पण दार उघडताच आत्याच म्हणाल्या, "वयनी, माझो फोटो गावलो."

सासूबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं. "कुठला? घोड्याचा?"

"न्हय, तटावरचो."

मी दोघींकडे बघतच राहिले. "सासूबाई, तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं म्हणजे काय? वन्संच्या पाठीला हळद कोण लावायचं मग? बिस्किटांचा कारखाना मीच काढला. ह्यांना कळलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण कळलं असेलही. घरात हळद एवढी कशी संपते, असं ह्यांनी एकदाही विचारलं नाही."

पुढच्या रविवारी त्या गृहस्थांनी आत्यांना हॉलवर बोलावलं. आमची अख्खी बिल्डिंग लोटली. माझा नवरा पहिल्या रांगेत, तोंडाचा आ वासून. आत्या माइकसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी एका मुलीने विचारलं, "आजी, तुम्हाला लागायचं नाही?"

"पडूक येवक व्हया," आत्या म्हणाल्या, आणि एकदम सुटल्या. गादी मागवली. पदर खोचला. सासूबाई "वन्सं, गुडघा!" म्हणून ओरडेपर्यंत त्या खांद्यावरून वळून सहज गादीवर पडल्या होत्या, मांजरासारख्या. मग तासभर मुलींची रांग लागली. "हात पुढे नको गो, मोडतलो. मान आत. अंग सैल." मुली पडत होत्या, हसत होत्या, परत रांगेत उभ्या राहत होत्या.

गृहस्थांनी फोटोखाली आत्यांचं नाव लिहायचं ठरवलं. आत्यांनी नटीचं नाव खोडू दिलं नाही. "तीय बरी होती. उडी झाली की माका गरम दूध पाजायची. दोघींचा लिवा." तसं लिहिलं गेलं.

त्या दिवसापासून आमच्या घरात एक बंद ठेवलेलं दार उघडल्यासारखं झालं. दुपारी तांदूळ निवडत दोघी बोलायच्या आणि मी मुद्दाम तिथे काहीतरी काम काढून बसायचे. इतकी वर्षं त्यांनी हे सगळं कुजबुजत साठवलं होतं. आता मोठ्याने बोलायची मजा दोघींना पुरत नव्हती.

एकदा म्हणे आत्यांनी सासूबाईंना शूटिंग बघायला नेलं होतं. सासऱ्यांना सांगितलं, माहीमच्या जत्रेला जातो. स्टुडिओत सगळे चिडीचूप. आत्या दोरखंडाला लोंबकळत विहिरीवरून पलीकडे गेल्या, आणि ठरल्याप्रमाणे दोर तुटला. सासूबाईंना ठरलेलं काही माहीत नव्हतं. "अगो बाई, मेल्या माझ्या वन्सं!" म्हणत त्या थेट कॅमेऱ्यासमोर धावल्या आणि विहिरीच्या काठावर बसून छाती पिटू लागल्या.

"मग?" मी विचारलं.

"मग काय," आत्या म्हणाल्या, "मी खाली जाळ्यात पडून हसतंय, आणि दिग्दर्शक म्हणता, ही बाय कोण? रडता बरी. हिका घेवया."

सासूबाईंनी सुपातले चार तांदूळ आत्यांच्या अंगावर फेकले. "मी नाही म्हटलं," त्या मला म्हणाल्या, "पण दोन दिवस विचार करत होते हो."