जयवंती गोताड बेकार आहे

आमच्या समोरच्या दारात जयवंती गोताड राहते. वालीवच्या एका गाळ्यात विजेचे स्विच जुळवायचं काम चालायचं. तिथे ती लागली तेव्हा तिची मुलगी उन्नती बालवाडीत होती, आणि गाळा बंद झाला तेव्हा कॉलेजात. मालक काही बुडाला नव्हता. गुजरातच्या हद्दीत जागा स्वस्त पडते म्हणून त्याने अख्खा कारखाना उचलून तिकडे नेला. मशिनं गेली, साचे गेले, बाया राहिल्या.

पहिले काही महिने ती डबा भरून निघायची आणि वालीव, सातिवलीच्या कारखान्यांच्या गेटागेटावर फिरायची. "वय किती?" हा पहिला प्रश्न, आणि बहुतेक ठिकाणी तोच शेवटचा. हळूहळू तिने फिरणं सोडलं.

एका रविवारी जिना चढून एक मुलगी आली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, नाव ऋतिका. रोजगाराच्या सरकारी पाहणीसाठी आमच्या इमारतीतली काही घरं निवडली होती, त्यात गोताडांचं होतं. दार जयवंतीच्या नवऱ्याने, दिनानाथने उघडलं. माझंही दार उघडंच होतं, त्यामुळे पुढचं सगळं मी ऐकलं.

"मी अंधेरीला स्टोअरकीपर," दिनानाथ सांगत होता. "मुलगी शिकते. मिसेस घरीच असतात."

"म्हणजे घरकाम?"

"हो, घरकामच."

तेवढ्यात जयवंती कणकेच्या हातांनीच बाहेर आली.

"काय लिहिलंस गं?"

"घरकाम, काकू."

"पूस ते. बेकार लिही."

दिनानाथ हसायला गेला. "अगं, काहीतरीच काय! बाईमाणूस कधी बेकार असतं का?"

"गाळा बंद झाला तेव्हा डोक्याला हात लावून कोण बसलं होतं? 'आता घर कसं चालायचं' म्हणालात. तेव्हा माझं काम काम होतं ना? मग ते गेल्यावर मी बेकारच की."

ऋतिका बिचारी अवघडली. "काकू, मला असं मनाने नाही लिहिता येत. तुम्हालाच विचारते. गेल्या आठवड्यात तासभर तरी पैशाचं काम केलंत?"

"नाही."

"काम शोधलंत?"

इथे जयवंती थबकली. हो म्हणणं सोपं होतं.

"नाही शोधलं," ती म्हणाली. "नकार ऐकून ऐकून थांबले."

"आणि काम मिळालं असतं, तर गेला असतात?"

"आत्ता मिळालं तर ही कणीक तशीच टाकून निघेन."

ऋतिकाने टॅबवर बोट फिरवलं. "शोधलं नसलं तरी जायची तयारी आहे, मग तुम्ही बेरोजगारांत मोजल्या जाल. काका म्हणाले तसं ठेवलं असतं, तर तुम्हाला बाहेरचं काम नकोच आहे, असं धरलं गेलं असतं."

"ऐकलंत?" जयवंती नवऱ्याकडे वळली.

ऋतिका गेल्यावर आतून दिनानाथचा आवाज आला, "अख्ख्या मजल्याने ऐकलं. काय तोंड दाखवू मी?"

"ऐकू देत की. चोरी केली नाही मी."

त्याच दुपारी तिने गाळ्यातल्या जुन्या मैत्रिणींना, रोवेनाला आणि कमळीला फोन लावला. रोवेना म्हणाली, "आमच्याकडे कोणी विचारायला आलंच नाही." जयवंतीने विचारलं, "आलं तर घरचे काय सांगतील?" "'घरीच असते', असंच सांगतील," रोवेना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिघी सातिवलीच्या एका कारखान्यावर गेल्या. बाहेर पाटी होती: पॅकिंगसाठी मुली पाहिजेत, वय तिशीच्या आत. मितेश नावाचा तरुण मॅनेजर बाहेर आला.

"ताई, बोर्ड नाही वाचला का?"

"वाचला. तिशीच का, ते विचारायला आलो."

"मुलींचे हात फास्ट चालतात."

"आमचे हात कवा बघितले तुमी?" कमळी म्हणाली.

मितेशने मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "खरं सांगू? मुली लग्न होऊन जातात. तुम्ही टिकता. टिकलेली बाई पीएफ मागते, सुट्टी मागते. ठेकेदाराला ते नको असतं."

"मागणारच," जयवंती म्हणाली. "मग पाटीवर तसंच लिहा ना. पीएफ मागणारी बाई नको. वयावर कशाला ढकलता?"

वॉचमनने तिघींना गेटाबाहेर काढलं. तिथे काम मिळालं नाही ते नाहीच. पण त्या दिवसापासून तिघी पुन्हा फिरू लागल्या, आणि प्रत्येक गेटावर जयवंती तोच प्रश्न मोठ्याने विचारायची. काही ठिकाणी हाकललं, एका ठिकाणी चहा मिळाला. रोवेनाला एका गोदामात काम लागलं. कमळी कंटाळली, मुलीच्या बाळंतपणासाठी गावी निघून गेली.

जयवंतीला वालीवमध्येच औषधांचे खोके भरायच्या कामावर घेतलं. पहिल्याच दिवशी तिने पीएफचं विचारलं आणि ते कबूल करून घेतल्याशिवाय हातमोजे चढवले नाहीत. पगार मात्र जुन्यापेक्षा कमी आहे. तो कमी आहे, हे ती दर पगाराला नव्या मालकाला तोंडावर सांगते.