घरचीच पोरगी

“ही आमच्या घरचीच पोरगी,” साहेब म्हणाले आणि माझ्या हातातल्या ट्रेमधला पन्ह्याचा ग्लास उचलून त्यांनी भाच्याला दिला.

भाच्याने आधी ट्रेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “हो, मामा बोलले मला तुझ्याबद्दल.”

बोलले! साहेबांनी शेवटी शब्द टाकला!

“आमच्या ऑफिसच्या पॅन्ट्रीत एक मुलगी हवी आहे,” भाचा म्हणाला. “चहा-कॉफी बघायची, मीटिंगमध्ये पाणी ठेवायचं. न्यायला-आणायला गाडी येईल. मामा म्हणतात, तू कामाला वाघ आहेस.”

साहेब माझ्याकडे बघून हसले. मी आता वाकून नमस्कार करीन याची त्यांना इतकी खात्री होती की त्यांनी एक पाय जरासा पुढेही सरकवला.

मी कॉम्प्युटरची इंजिनीअर आहे. बी.ई., फर्स्ट क्लास. त्या संध्याकाळी मी इंटरव्ह्यूसाठी घेतलेला कुर्ता घातला होता. वर गच्चीतल्या खोलीत माझी फाइल पलंगावर तयार होती. कारण साहेबच सकाळी म्हणाले होते, “आज भाचा येतोय, तुझी ओळख करून देतो.” ओळख त्यांनी करून दिली. अशी.

मी पांढरकवड्याची. बाबा शिंपी, बसस्टँडजवळ त्यांचं दुकान. आई अंगणवाडीत मदतनीस. साहेब फार पूर्वी आमच्या गावात बँकेचे मॅनेजर होते आणि त्यांचे सफारी बाबा शिवायचे. त्या सफारीच्या ओळखीवर मी नागपूरला आले.

आम्ही पास झालो तेव्हा मंदी होती, कंपन्यांनी कॉलेजचं तोंड बघणं सोडलं होतं. पुण्यात लागलेले आमचे सीनियर बॅगा उचलून परत येत होते. जो तो म्हणायचा, नागपूरला जा, तिथं मिहान आहे, कंपन्यांची अख्खी वसाहत. जसं काही मिहानच्या फाटकावर कोणी आमच्या नावाची पाटी घेऊन उभं होतं. बाबांनी साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, “पाठवा हो पोरीला. गच्चीवरची खोली रिकामीच आहे. भाचा मिहानमध्ये मोठ्या हुद्द्यावर आहे, शब्द टाकतो.” किराया मात्र त्यांनी त्याच फोनवर सांगून टाकला. फोन ठेवल्यावर बाबा आईला म्हणाले, “देवमाणूस आहे.” बाबांना माणसाच्या कंबरेचं माप नुसतं बघून कळतं. माणसाचं नाही कळत.

लक्ष्मीनगरातला तो बंगला. पहिल्याच दिवशी काकूंनी, म्हणजे साहेबांच्या बायकोनं, आडनाव विचारलं. मी सांगितलं. “म्हणजे कोण तुम्ही?” मी तेही सांगितलं. काकूंचा चेहरा किंचित आखडला आणि लगेच सैल झाला. “आम्ही मानत नाही हं असलं काही,” त्या म्हणाल्या. जे खरंच मानत नाहीत त्यांना हे सांगावं लागत नाही. त्यांनी मला चहा दिला तो कानतुटक्या कपात. पुढे तो कप कायम स्वयंपाकघराच्या खिडकीत राहिला, घरातल्या कपांच्या रांगेत कधी गेला नाही. मीच धुवायचा, मीच तिथं ठेवायचा.

मार्च संपता संपता कूलर बाहेर निघाले. बैठकीत एक, साहेबांच्या खोलीत एक, जेवायच्या खोलीत एक. “जरा पाइप लावतेस का गं? कामवाली आली नाही आज,” काकू म्हणाल्या. मी लावला. त्यात काय मोठं? दुसऱ्या दिवशी कामवाली आली होती, तरी पाइप मलाच लावायला सांगितला. मग ते माझंच काम झालं. बैठकीतल्या कूलरपर्यंत पाइप पोचत नव्हता, तिथं बादल्या. मग कूलरच्या बाजूंच्या वाळ्याच्या ताट्या बदलणं, टाकीतलं शेवाळ खरवडणं, पंपात अडकलेला कचरा काढणं. सकाळी एकदा, दुपारी एकदा. नागपूरच्या उन्हात कूलर उंटासारखा पाणी पितो.

माझ्या खोलीत कूलर नव्हता. वर टिनाचं छत आणि खाली मी. पंखा लावला की गरम हवा नुसती गोल फिरायची. मी एकदा विचारलं, माझ्या पैशांनी छोटा आणू का? काकू म्हणाल्या, “मीटरवर लोड येतो गं.” तीन कूलरचा लोड येत नव्हता, चौथ्याचा येत होता. हे गणित मला इंजिनीअरिंगला कोणी शिकवलं नव्हतं.

कूलरवरून काम औषधांवर गेलं, औषधांवरून गॅसवर, मग साहेबांच्या मोबाइलवर. पासवर्ड ते विसरायचे, शोधायचे मी. “पोरगी हुशार आहे हं,” ते पाहुण्यांना सांगायचे, कुत्र्यानं पेपर आणून दिल्यावर सांगतात तसं. मी ‘मले’ म्हटलं की काकू मध्येच थांबवायच्या, “मला म्हण. कंपनीत हसतील.” आणि आला-गेला कोणी विचारायचा, ही कोण, तर दोघंही एका सुरात म्हणायचे, घरचीच आहे. किरायदार आहे असं एकदाही कोणाच्या तोंडून निघालं नाही. किराया मात्र एक तारखेला निघायचा.

शब्दाचं विचारलं की साहेब चष्मा काढून पुसायचे. “अगं, शब्द असा टाकायचा नसतो. वेळ बघावी लागते.” बायोडेटा मागायचे, मी द्यायची. तो कुठं गेला म्हणायचे, मी परत प्रिंट काढून द्यायची.

मेच्या सुरुवातीला एका कंपनीचा वॉक-इन इंटरव्ह्यू होता, थेट जाऊन द्यायचा. फ्रेशर चालतील असं लिहिलं होतं. त्या दिवसांत ‘फ्रेशर चालतील’ हे वाचायला मिळणंसुद्धा नवलाईचं होतं. मी तयार होऊन जिना उतरले. साहेब दारातच. “आज इन्व्हर्टरवाला येणार आहे, आम्ही लग्नाला चाललो. तू थांब ना. तुझं भाच्याकडेच तर होणार आहे, कशाला उन्हात हिंडतेस?” मी थांबले. इन्व्हर्टरवाला आला नाही. आमच्या कॉलेजची एक मुलगी त्या वॉक-इनमध्ये लागली. मी त्या दुपारी चप्पल काढून बैठकीतला कूलर भरला.

मग ती संध्याकाळ. साहेब-काकूंच्या लग्नाचा वाढदिवस. अंगणात खुर्च्या, आतले दोन कूलर ओढून अंगणात आणलेले. ओढले मी, भरले मी. नंतर वर जाऊन अंघोळ केली, कुर्ता घातला, फाइल नीट लावली. खाली आले तर काकू म्हणाल्या, “बरं झालं आलीस. ट्रे घे.”

ट्रे घेतला, आणि पुढ्यात आली ती पॅन्ट्री. इथं एक सांगते. चहा देण्यात कमीपणा आहे असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. माझी आई अंगणवाडीत खिचडीची भांडी घासते आणि ताठ मानेनं घरी येते. पण आईला कोणी शिक्षिका करतो म्हणून बोलावून भांड्यांसमोर बसवलेलं नाही. मला राग आला तो चहाचा नाही. माझ्या चार वर्षांच्या शिक्षणाकडे या माणसाला डोळे वर करून बघावंसंही वाटलं नाही, त्याचा.

मी भाच्याला विचारलं, “सर, साहेबांनी तुम्हाला माझं शिक्षण काय सांगितलं?”

“शिक्षण?” त्यानं मामांकडे पाहिलं. “बारावी ना?”

“अगं, शिक्षणाचं काय घेऊन बसलीस,” साहेब म्हणाले. “सुरुवात महत्त्वाची. एकदा आत शिरलं की झालं.”

“मी बी.ई. आहे सर. कॉम्प्युटर. माझा बायोडेटा साहेबांकडे आहे. एक नाही, पुष्कळ आहेत.”

आजूबाजूच्या दोन-चार खुर्च्या आमच्याकडे वळल्या. भाचा ओशाळला. त्यानं खिशातून कार्ड काढलं. “सॉरी, मला कल्पना नव्हती. तुम्ही मेल करा मला. बघतो.” तू होतं त्याचं तुम्ही झालं. ट्रे तोच, हात तेच, मुलगी तीच. या लोकांचा आदर इतका स्वस्त असतो, आणि तोही माणसाला मिळत नाही, डिग्रीला मिळतो.

साहेबांनी मात्र काही झालंच नाही अशा थाटात टाळी वाजवली. “बघ! झालं की नाही काम? मी म्हणत नव्हतो? चल आता, पन्हं फिरव. त्या बाजूला पोचलं नाही अजून.”

कार्ड माझ्यासमोर होतं. मला पक्कं कळत होतं, ट्रे फिरवला तर माझा मेल वाचला जाईल. ट्रे ठेवला तर नाही वाचला जाणार. आणि मला नोकरी हवी होती. फार हवी होती. घरी परत जायचं म्हणजे काय ते मला माहीत होतं. बाबांनी स्थळं बघायला सुरुवात केली होती.

मी ट्रे बाजूच्या कूलरवर ठेवला. ग्लास हलले, थोडं पन्हं ताटीवर सांडलं.

“मी किरायदार आहे, साहेब,” मी म्हटलं. मुद्दाम मोठ्यानं. “पूर्ण किराया देऊन राहून राहिली मी तुमच्या घरात. पन्हं तुम्हीच फिरवा. मले वर काम आहे.”

कार्ड मी घेतलं नाही. जिना चढताना मागून काकूंचा आवाज आला, “उन्हाचा त्रास होतो गं तिला, वर फार तापतं.” म्हणजे तापतं हे त्यांना ठाऊक होतं!

खोलीत जाऊन मी फाइल बंद केली. खाली वडाभाताची पंगत बसली असावी, ताटांचा आवाज येत होता. कूलर परत भरायची वेळ झाली होती. मी भरला नाही. थोड्या वेळानं पंप कोरडा पडल्याची घरघर ऐकू आली, मग दुसऱ्याची. गच्चीच्या कठड्यावरून पाहिलं तर साहेबांचे पाहुणे कागदी नॅपकिननं वारा घेत होते आणि साहेब पाइप हातात धरून नळ शोधत होते. स्वतःच्या अंगणातला नळ त्यांना सापडत नव्हता. मला फार बरं वाटलं. ते मी लपवणार नाही.

सकाळी सात वाजता बाबांचा फोन. साहेबांनी त्यांना आधीच फोन लावला होता.

“काहून बोलली तू असं?” बाबांचा आवाज रडवेला. “मोठे लोक आहेत ते. मले तोंड दाखवाले जागा नाही ठेवली तू. जाय, माफी माग वं.”

“बाबा, तुम्ही त्याईचे सफारी शिवले, मी त्याईचे कूलर भरले. आता बस.”

“मग नोकरीचं काय?”

“नोकरी नव्हतीच बाबा. चहाच्या ट्रेसाठी ठेवून राहिले होते मले.”

बाबांनी फोन ठेवला. ते कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आणि मी त्यांना मनवायला गेले नाही.

त्याच दुपारी मी बॅग भरली. तो कानतुटका कप खिडकीतून उचलला आणि जेवायच्या टेबलावर, त्यांच्या कपांच्या मधोमध ठेवला. साहेब त्यांच्या खोलीतून बाहेर आले नाहीत. काकू मात्र फाटकापर्यंत आल्या. मला वाटलं, आता तरी काही बोलतील. माफी नाही, निदान सांभाळून जा म्हणतील. ऊन भयंकर होतं, त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि अगदी काळजीनं विचारलं, “मग आता कूलर कोण भरेल गं?”

त्यांना खरंच तेवढाच प्रश्न पडला होता. अशा माणसांची मला भीती वाटत होती, त्यांचा शब्द पडावा म्हणून मी महिनोन्‌महिने श्वास रोखून होते, याची मला तिथं उभ्या उभ्या शिसारी आली. मी निघाले. फाटकाची कडीसुद्धा लावली नाही.

आता मी हिंगणा रोडला तीन मुलींबरोबर एका खोलीत राहते. कारखान्यांच्या फाटकाफाटकावर विचारत गेले तेव्हा कळमेश्वरच्या एका कारखान्यात स्टोअरच्या कॉम्प्युटरवर बसायचं काम मिळालं, तेही कंत्राटावर. माझ्या शिक्षणाचं ते काम नाही. बस सकाळी लवकर असते, संध्याकाळी उभ्यानं यावं लागतं. रविवारी मी इंटरव्ह्यूची तयारी करते. बहुतेक ठिकाणांहून उत्तर येत नाही. भाच्याच्या कंपनीतही अर्ज केला, सगळे करतात तसा, साइटवरून. तिथं विचारलं होतं, कंपनीतलं ओळखीचं कोणी? मी लिहिलं, कोणी नाही. तिथूनही उत्तर नाही.

नसू दे. मी करत राहीन. कोणाच्या शब्दावर मी आता नोकरी मागणार नाही, आणि उद्या माझ्या हाती कोणाला नोकरी देणं आलं तर समोरच्याचं आडनाव विचारणार नाही, त्याला पाणीही आणायला लावणार नाही. परवा कारखान्यातले मोठे साहेब कोणालातरी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “ही तर आपल्या घरचीच पोरगी.” मी कॉम्प्युटरवरून मान वर केली आणि म्हटलं, “नाही सर. मी इथं कामाला आहे.”