चिंचेने घासलेला हत्ती

गावाबाहेरच्या टेकाडावर जेसीबी चालू आहे, माती वीटभट्टीला जातेय. या टेकाडाखाली सातवाहनांची नगरी गाडलेली आहे, हे मी घसा फोडून सांगतोय. तहसीलदार साहेब म्हणतात, "पुरावा आणा."

पुरावा सखूमावशींच्या देव्हाऱ्यात होता. टेकाडावर सापडलेलं तांब्याचं नाणं, त्यावर हत्ती. गणपती समजून त्या दर सणाला ते चिंचेने घासून पुजायच्या.

"बघ, कसं लखलखतंय!"

"मावशी, हत्ती कुठंय?"

"अरे, आहे की... बोटाला लागतो बघ."

नाही लागत. एवढं मोठं राज्य, आणि त्याचा शेवटचा हत्ती भक्तीने झिजला. पण मावशींवर कसा चिडू? त्यांनी निदान हात तरी जोडले.

बाहेरून आणखी एक ट्रॅक्टर माती भरून गेला. मी अजून अंगठ्याने हत्ती चाचपतोय.