गाडीचा कोट

आमच्या घरात मोटरसायकल कोट घालते आणि मी पोतं पांघरते. हसू नका. पलूसजवळ आमच्या वस्तीवर येऊन बघा, पडवीत उभी आहे ती. अंगावर फौजेच्या कॅन्टीनमधून आणलेला वॉटरप्रूफ कोट, आतून मऊ गरम अस्तर, बाह्या हँडलवर ओढलेल्या, चेन वरपर्यंत लावलेली. कोटाखाली दसऱ्याची झेंडूची माळ वाळून कोळसा झाली तरी तशीच आहे.

गाडी नवऱ्याची. नवरा फौजेत. सुट्टीवर आला की तो चालवतो, बाकी वर्षभर ती उभी. सासरे, म्हणजे मी ज्यांना मामा म्हणते ते, दर रविवारी तिला फडक्यानं पुसतात, चालू करून इंजिनाचा आवाज ऐकतात आणि बंद करतात. किल्ली परत देव्हाऱ्यात. "पोरगं येईस्तवर जशीच्या तशी ऱ्हायली पायजे," म्हणतात. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या, घरात आम्ही दोघंच. पोराच्या काळजीनं म्हाताऱ्याचा जीव गाडीत अडकलाय, मला कळतं की. पण मीही कुणाची तरी पोरच आहे ना?

मी सांगलीला एका लॅबमध्ये रक्त काढते. उपाशीपोटी तपासणीला आलेली माणसं सकाळीच येऊन बसलेली असतात, उशीर चालत नाही. जाते माझ्या जुन्या स्कूटीवरून. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात वाटेतल्या वसगड्यापासून नांद्र्यापर्यंतच्या उघड्या रस्त्यावर रोज भिजून भिजून मला न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून घरी आले, तर मामांनी अंगणात खुर्ची टाकून निकाल देऊन टाकला. "यंदा झालं ते झालं. पुन्यांदा आजारी पडलीस तर नोकरी बंद. घरात काय कमी हाय तुला?" नवऱ्यानं फोनवर नुसतं हूं केलं. म्हणजे ठरलंच की! मी एकदा भिजून आजारी पडले की माझी नोकरी गेली.

तेव्हापासून कोरडं राहण्यासाठी मी काय काय केलं ते माझं मला ठाऊक. माहेरी कोरेगावला माझे वडील मोटरसायकलला किटल्या लावून दूध घालायचे. मोटरसायकल मला त्यांनीच शिकवली आणि थंडीपावसात अंग कसं झाकायचं तेही. छातीवर शर्टाच्या आत वर्तमानपत्र, वारं लागत नाही. मोज्यावर दुधाची पिशवी आणि मग बूट. रेनकोटची पँट बुटाच्या बाहेर सोडायची, आत खोचली की बुटाची घागर होते. हे सगळं करून वर माझा बाजारातला रेनकोट, शिवणीतून गळणारा, म्हणून त्याच्यावर खताच्या पोत्याची खोळ. खोळ घालून सांगलीत शिरले की सिग्नलवर लोक माना वळवून बघतात. बघा म्हणावं.

आणि तो चांगला कोट? नवऱ्यानं यंदाच्या उन्हाळ्यात सुट्टीवर येताना आणला होता. माझ्या खांद्यावर टाकून बघितला. बाह्या बोटांच्या खाली गेल्या तसा तो हसला, म्हणाला, "लय ढगळ व्हतोय गं." मी म्हटलं, दुमडीन की. कोट खुंटीवर राहिला. माझ्या डोक्यात तो माझाच होता. नवरा ड्युटीवर गेला आणि दुसऱ्या दिवशी बघते तर कोट गाडीवर! अख्खा पावसाळा मी मामांवर धुमसत राहिले. एकदा मागितलासुद्धा. "आगं, पाऊस तिरका येतोय पडवीत. गाडी गंजंल," म्हणाले. मी पुन्हा पोत्याची खोळ चढवली. का चढवली कुणास ठाऊक.

मग दिवाळी झाल्यावर, साखर कारखाने सुरू झालेले, थंडी पडलेली आणि वर अवकाळी पाऊस. असला पाऊस लय वाईट. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांनी आणलेली माती, तिचा झालेला चिखल आणि अंगावर सुया टोचाव्यात तसं वारं. पहिल्याच दिवशी खोळीतून पाणी पाठीवर उतरलं. लॅबमध्ये एका आजींचा दंड धरला तर त्या ओरडल्याच, "आगं बया! हात हायत का बर्फ!" बोटं इतकी आखडली होती की शीर सापडेना. त्यांना दोनदा टोचावं लागलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रात्री खोकला लागला.

सकाळी पाऊस तसाच. मी पडवीत उभी, अंगावर ओलसर पोतं, तोंडावर ओढणी धरून खोकतेय आणि समोर ती महाराणी कोट घालून उभी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोतं फेकलं, कोटाची चेन ओढली आणि काढला अंगावरून तिच्या.

मामा चहाचा कप घेऊन धावत बाहेर. "आगं पोरी, गाडी भिजंल की!"

"भिजू दे मामा. तिला न्यूमोनिया व्हत न्हाई."

बाह्या दुमडल्या, घातला आणि निघाले. काय सांगू! येरळा नदीच्या पुलावर वारं नुसतं घोंघावत होतं, पण आत छाती गरम. सांगलीत पोचले तेव्हा आतला ड्रेस इस्त्री केलेला तसाच्या तसा होता. त्या दिवशी कुणी माझ्या हातांना बर्फ म्हणालं नाही.

संध्याकाळी घरी आले तर गाडीवर मामांचं घोंगडं. आणि मामा स्वतः टॉवेल गुंडाळून चुलीपुढं कुडकुडत बसलेले. आता ह्या माणसाला काय म्हणायचं? मी माझी शाल त्यांच्या अंगावर टाकली. त्यांनी ती अंगाभोवती ओढून घेतली.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन. मी सगळं सांगितलं, जरा तोऱ्यातच सांगितलं. वाटलं, म्हणेल बरं केलंस.

वडलांना तो दादा म्हणतो. म्हणाला, "आगं, दादास्नी मीच सांगितलेलं, कोट गाडीवर टाका म्हणून. तुला ढगळच व्हतोय की."

पावसाळाभर मी त्या म्हाताऱ्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या, आणि हे होय!

"मग आता गाडीवर काय हाय?" त्यानं विचारलं.

"तुमच्या वडलांचं घोंगडं."

"घोंगड्यातनं पाणी झिरपतंय गं. सीट कुजंल."

माझा खोकला त्याला फोनवर ऐकू जात होता. त्याबद्दल एक शब्द नाही. मी फोन ठेवून दिला. तिथं थंडीत त्याला सरकार पायापासून डोक्यापर्यंत गरम कपडे देतं, आणि माझ्यासाठी आणलेला एक कोट त्याला सीटवर हवा! रात्रभर रागानं डोळा लागला नाही.

सकाळी छातीवर वर्तमानपत्र, पायाला पिशव्या, वर कोट. देव्हाऱ्यातून किल्ली काढली. घोंगडं झटकून मामांच्या खांद्यावर घातलं, हँडलवरची माळ काढली आणि बटण दाबलं. एका दमात चालू झाली.

"आगं ए, ती त्याची गाडी हाय!" मामा ओरडले.

"व्हय मामा. आनि मी त्याचीच बायको. दोघी कामाला जाऊन येतो."

येरळेच्या पुलावर समोरून उसाची ट्रॉली आली आणि तिनं चिखलाचा लोट उडवला. गाडी टाकीपर्यंत माखली. सीटच्या कडेनं मातकट पाणी गळत होतं. मी कोरडी होते.