देवीच्या बोकडाचा कान

टॅगिंगची पक्कड माझ्या उजव्या हातात होती आणि बोकडाच्या कानावर शेवंताबाईचा तळहात. ती म्हणत होती, "याले सोडून बाकी समद्याइले लावा." मी म्हणत होतो, "बिल्ला नाही तर सुई नाही." पाच मिनिटं हेच चाललं होतं. बोकड तेवढ्यात माझ्या शर्टाची खालची गुंडी चघळून मोकळा झाला.

मी पशुधन पर्यवेक्षक. डॉक्टर नाही. पण नेर तालुक्यातल्या कोणत्याही तांड्यावर गेलो की लोक 'डाक्टर आला' म्हणतात. पहिली काही वर्षं मी दुरुस्त करायचो, मग कंटाळलो.

त्या दिवशी पीपीआरचं लसीकरण होतं. पीपीआर म्हणजे शेळ्यांची बुळकांडी. नाक वाहतं, तोंड येतं, हगवण लागते आणि आठवडाभरात जनावर आडवं होतं. एकदा रोग झाला की खास औषध नाही. आधी टोचून घेतलं तर वाचतं. शेजारच्या गावात तीन शेळ्या गेल्या होत्या, म्हणून घाई.

आता प्रत्येक डोस मोबाईलच्या ॲपमध्ये भरायचा असतो. भरायला नंबर लागतो. नंबर पिवळ्या बिल्ल्यावर असतो आणि बिल्ला कानात. कानाला भोक नाही तर ॲप पुढं सरकत नाही. त्यात लसीची पावडर एकदा द्रावणात कालवली की बर्फावर ठेवून दोनेक तासांत संपवावी लागते. माझ्याकडं अर्धा तास उरला होता, आणि शेवंताबाईचं घर शेवटचं होतं. तिच्या सहा शेळ्या झाल्या, राहिला हा एक.

माझं डोकं सटकलं. म्हटलं, "काहून अडून बसली बाई? उद्या मेला तं मले फोन करू नको."

तिचा कानावरचा हात मात्र निघाला नाही. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा मला कळलं, की आपण काहीतरी भलतं बोललो.

तिची सासू खुराड्यापाशी बसून कोंबड्यांना कण्या टाकत होती. सगळा तांडा तिला याडी म्हणतो, याडी म्हणजे आई. तिनं तिथूनच सांगितलं, "बापू, तो देवीले बोललेला हाये. आमची पूनम कापूस येचाले गेलती, तिले पान लागलं. यवतमाळच्या दवाखान्यात चार दिवस मशीनवर होती पोरगी. तवा हिनं देवीले बोकड कबूल केला. अखंड, कुठी भोक-चीर नसलेला. दिवाळीनंतर द्याचा हाये."

पान लागणं म्हणजे साप चावणं. आमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत. पूनम समोरच मुगाच्या शेंगा सोलत बसली होती, धडधाकट. बोकड नवस फेडायच्या आत मेला, तर शेवंताबाईच्या मते देवीचं देणं तसंच राहणार, आणि त्याचा जाब लेकीकडं मागितला जाणार. मला हे पटतं का, हा प्रश्न नव्हता. ती बाई त्या भीतीनं बोकडाचा कान सोडत नव्हती, हे मला दिसत होतं.

मी जरा सबुरीनं घेतलं. "याडी, सुई तं चालते का? का तिच्यानंही खंडित होते?"

याडीनं बोकडाकडं बघून घेतलं. "बाभळीचा काटा त्याले रोज टोचते. त्यानं खंडित होते का? सुई म्हंजे काटाच. पण बिल्ल्यावर सरकारचा नंबर रायते ना? देवीच्या नावाच्या जनावरावर दुसऱ्याचं नाव कसं घालाचं?"

आता यावर कुठलं परिपत्रक दाखवू? मी साहेबांना फोन लावला.

"सर, एक बोकड बिनटॅगचा टोचायचा आहे."

"नंबर?"

"नंबरच नाही सर. नवसाचा आहे."

"ॲपमध्ये नवसाचा असा ऑप्शन आहे का?"

"नाही सर."

"मग विचारता कायले?" आणि फोन कट.

वीस मिनिटं उरली होती. एक मिली भरलं, बोकडाच्या मानेची कातडी चिमटीत धरली आणि टोचलं. रक्ताचा थेंब नाही. याडीनं वाकून खात्री केली. तो डोस मी 'वाया' या रकान्यात लिहिला. नोकरीत खोटी नोंद करू नये, हे मलाही ठाऊक आहे.

महिनाभरानं रोग तांड्यात आलाच. एकानं बाजारातून दोन शेळ्या आणल्या होत्या, त्या पटापट मेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळीच शेवंताबाईचा फोन. "डाक्टर, बोकड हगून राह्यला."

मी गाडी कशी चालवली ते विचारू नका. बोकड दगावला असता तर लस फुकट गेली, एवढ्यावर भागलं नसतं. सुईनं नवस मोडला, असं झालं असतं. मग त्या तांड्यात पुन्हा कोणी सुई टोचू दिली नसती. आणि शेवंताबाईच्या तोंडाकडं मला बघवलं नसतं.

ताप मोजला, नव्हता. तोंड उघडून बघितलं, जीभ-हिरड्या साफ. नाक कोरडं.

"काय खाल्लं यानं?"

पूनम हळूच म्हणाली, "दोराळं तोडून सोयाबीनच्या वावरात घुसलता."

"पोट फुटेस्तोर खाल्लं लेकाच्यानं!" मी असा ओरडलो की कोंबड्या पळाल्या. माझा जीव भांड्यात पडला. शेवंताबाई मटकन ओट्यावर बसली आणि हसता हसता रडायला लागली. हगवण दोन दिवसांत थांबली.

दिवाळीनंतर नवस फिटला. तांड्याच्या नायकानं साहेबांनाही बोलावलं होतं. पंगतीत ते माझ्या शेजारी. दुसऱ्यांदा रस्सा घेताना म्हणाले, "मस्त झालं हो. कोणाचा बोकड?"

"सर, तोच. बिनटॅगचा."

त्यांचा हात थांबला. "ॲपमध्ये नाही ना हा?"

"नाही सर."

"मग मी पण खाल्लेला नाही." आणि भाकरी मागितली.

पुढच्या फेरीला शेवंताबाईनं मला घरापर्यंत जाऊच दिलं नाही. नवीन दोन पिल्लं काखेत मारून तीच नायकाच्या ओट्याशी आली आणि त्यांचे कान माझ्यापुढं केले.

"लावा बिल्ला."

मी म्हटलं, "आता चालते का?"

"चालते ना. हे आमचे हायेत. तो तिचा होता."

पक्कड दाबली, दोन्ही पिल्लं कोकलली, नंबर ॲपमध्ये गेले. तेव्हापासून मी एक शिस्त पाळतो. नंबर घालायच्या आधी विचारतो, जनावर कोणाचं आहे. ॲपमध्ये मालकाच्या नावाचा रकाना आहे, पण त्यात देवी बसत नाही.