प्लॅस्टरच्या आधी

इंदुरात जेवढ्या म्हणून मोठ्या इमारती आहेत, त्या सगळ्यांत माझ्या साडूंनी चोरी केलेली आहे. मनातल्या मनात, अर्थात. दुकानांना आणि ऑफिसांना कॅमेरे, अलार्म, कार्डाने उघडणारी दारं बसवून देणं हा त्यांचा धंदा. नव्या इमारतीसमोरून जाताना लोक तिची उंची बघतात, काचा बघतात. साडू स्कूटर थांबवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि "मागच्या जिन्यानं वर, टेरेसवरून शेजारी, काम तमाम," असं पुटपुटून पुढे निघायचे. खजरान्याला गणपतीच्या दर्शनाला गेलो तरी देवाच्या आधी चपला ठेवायच्या जागेची पाहणी व्हायची. "जिजाजी, आज तरी चोराला सुट्टी द्या ना," असं माझी बायको म्हणाली, की "अगं, चोर कुठे सुट्टी घेतो!" हे उत्तर तयार. त्यांच्या मुलीच्या लग्नाचा हॉल बघायला गेलो तेव्हा मी जेवणाची चौकशी करत होतो आणि हे दागिन्यांच्या खोलीपासून मागच्या दारापर्यंत पावलं टाकत होते. पुण्याचा जावई कसा वाटला, असं परतताना विचारलं तर म्हणाले, "मुलगा चांगलाच आहे हो. हॉलचं मागचं दार चांगलं नाही."

त्यांचं दुःख एकच होतं, लोक त्यांना उशिरा बोलवायचे. टाइल्स लागल्या, रंग झाला, उद्घाटनाच्या पत्रिका वाटून झाल्या, की मालकाला एकदम चोराची आठवण यायची. मग नव्याकोऱ्या भिंतीला छिन्नी लागायची, मालकाचा जीव कळवळायचा आणि शेवटी दोघांच्या तडजोडीतून वायरी छताच्या कडेने लोंबत जायच्या. "तहान लागल्यावर विहीर खणतात म्हणतात ना, साडूभाऊ? हे लोक तर घर बांधून झाल्यावर हॉलमध्ये विहीर खणतात!" आयुष्यात एक तरी बिल्डिंग चुन्याच्या आखणीपासून हातात मिळावी, एवढी त्यांची इच्छा होती. इकडे मुलीने पुण्याला येऊन राहा म्हणून धोशा लावलेला, ताईंचे, म्हणजे त्यांच्या बायकोचे, गुडघे जिन्यांना कंटाळलेले. साडू दर वेळी फोनवर मुलीला सांगायचे, "येतो गं. एक बिल्डिंग होऊन जाऊ दे."

आमचे पणजोबा संस्थानच्या फौजेत घोड्यावर बसले आणि मी सियागंजात नटबोल्ट विकायला बसलो. ते दुकान पुरेनासं झालं तेव्हा खजराना रस्त्याकडच्या आमच्या प्लॉटवर खाली दुकान-गोदाम आणि वर भाड्याची ऑफिसं, अशी इमारत काढायचं मी ठरवलं. साडूंच्या कानावर घातलं तसे ते उठून स्वयंपाकघरात गेले आणि आतून आवाज आला, "ऐकलंस का? नकाशा पण नाही बनला अजून!" घरात नातू झाल्याची बातमी सांगावी, तसा तो आवाज होता.

नकाशा आला, आणि साडू रोज संध्याकाळी माझ्याकडे चोरी करायला येऊ लागले. हातात पेन्सिल, शेजारी चहा आणि शेवेची वाटी. "लुटले गेलात, साडूभाऊ! हे बघा, गोदामाचं शटर उघडं, माल उतरतोय. मी हमाल बनून आत. जिना इथूनच. पोचलो की नाही वरच्या ऑफिसात?" आर्किटेक्ट बाईंनी जिना हलवला. मग ते शेजारच्या टेरेसवरून उतरले. टेरेसचं दार बदललं, तर बाथरूमच्या डक्टमधून चढले, त्यांच्या पोटाचा घेर पाहता हे मला पटत नव्हतं, पण म्हणाले, "चोर बारीक असतो." बाई थकल्या, मी थकलो. एके दिवशी मात्र ते नकाशावर बराच वेळ वाकून बसले, शेव संपवली आणि पेन्सिल खाली ठेवली. "नाही जमत बुवा," असं म्हणून हसतमुखाने त्यांनी दुसरा चहा मागितला.

ठेकेदाराला हा माणूस डोळ्यांसमोर नको असायचा. "ये भियाजी पुलिसवाले हैं कि चोर, पहले ये तय कर लो," असं तो मला बाजूला घेऊन म्हणायचा. स्लॅब भरायच्या दिवशी तर ठिणगीच पडली. त्या दिवशी मजुरांना दाल-बाफले, म्हणजे उकडून भाजलेले कणकेचे गोळे आणि वरण, घालायची आमची रीत. एका कोपऱ्यात बाफले तुपात बुडत होते, मिक्सर घरघरत होता आणि साडू पँट दुमडून वर सळयांच्या जाळीवर फिरत होते. फिरता फिरता थबकले. मागच्या दाराकडे जाणारा वायरीचा पाइप टाकलेलाच नव्हता. काँक्रीट एकदा पडलं, की तो विषय संपला. ठेकेदार हात झटकून म्हणाला, "अरे, बाद में दीवार काट के डाल देंगे ना!"

हे वाक्य साडूंनी जन्मभर ऐकलं होतं. मला वाटलं, आता हे फुटणार. ते भांडले असते तर भिडेखातर मी कदाचित ठेकेदाराचीच बाजू घेतली असती. पण ते नुसते खाली उतरून सळयांच्या ढिगावर बसले आणि चष्मा पुसू लागले. मला ते बघवेना. मी ओरडलो, "मिक्सर बंद करो! पहले पाइप!"

"सेठ, मजूर बैठे रहेंगे."

"तो बिठाओ. बाफले पहले खिला दो."

अशा रीतीने आमच्याकडे काम व्हायच्या आधी जेवण झालं. तेवढ्यात साडूंनी इलेक्ट्रिशियनला घेऊन तो पाइप स्वतः बांधला, आणि त्याच्या शेजारी आणखी एक, रिकामाच. त्यात नायलॉनची दोरी ओवून दोन्ही टोकं बाहेर ठेवली.

"हा कशाला?" मी विचारलं.

"जे अजून कोणाला सुचलंच नाहीये, त्याच्यासाठी. वायर या दोरीला बांधायची आणि ओढायची. भिंत फोडायला नको." मग नाकातून बोलल्यासारखा आवाज आला, "बाफले उरलेत का हो?"

वास्तुशांतीच्या दिवशी त्यांचा खरा विजय झाला. मागचं दार फक्त आतून उघडायचं आणि बाहेरून कोणालाही, अगदी मालकालाही, आत घ्यायचं नाही, अशी वॉचमनला त्यांची ताकीद होती. गुरुजी हात धुवायला मागे गेले आणि दार लागलं. मुहूर्त जवळ आलेला, गुरुजी काचेवर टकटक करताहेत, आत बायको अगतिक होऊन म्हणतेय, "जिजाजी, उघडायला सांगा ना! गुरुजी आहेत ते!" साडू धोतर सावरत, गुरुजींना समजवायला म्हणून दार उघडून बाहेर गेले आणि त्यांच्याही मागे ते लागलं. आता काचेबाहेर दोघे. साडूंनी वॉचमनला खूण केली. त्याने आतून हात जोडले आणि मोठ्याने सांगितलं, "साहब, आगे से आओ. आपने ही बोला था."

सोवळं नेसलेले दोघे भर रस्त्याने वळसा घालून पुढच्या दाराने आत आले. गुरुजींचा पारा चढला होता. साडूंचा चेहरा मात्र असा उजळला होता, की स्वतःच्या लग्नातसुद्धा ते एवढे खूश नव्हते, असं ताई म्हणाल्या. दिवसभर जो भेटेल त्याला ते सांगत होते, "मलाच नाही घेतलं आत!"

मग कबूल केल्याप्रमाणे ते पुण्याला गेले. मला फार चुकल्याचुकल्यासारखं झालं, अजूनही होतं. फोन येतो. "काय विशेष? काही झालं?" "काही नाही झालं." "वा, वा." त्यांच्या कामाचं यश म्हणजे काहीच न होणं, त्यामुळे आमचं बोलणं तिथेच संपतं. कधी वाटतं, एखादा छोटासा चोर बनवून सांगावा त्यांना. एकदा मी विचारलं, "पुणं कसं वाटतंय?" ते म्हणाले, "चांगलंय हो. मुलगी, जावई सगळे जीव लावतात. पण साडूभाऊ, इथे सगळं आधीच प्लॅस्टर होऊन बसलंय. आपण जरा उशिरा आलो." 

परवा वरच्या ऑफिसवाल्यांना कसलंसं नवं मशीन लावायचं होतं. त्यांचा माणूस छिन्नी-हातोडा घेऊनच आला होता. मी त्याला ती दोरी दाखवली. त्याने वायर बांधली, ओढली, आणि ती गुपचूप दुसऱ्या टोकाला निघाली. भिंतीचा एक कणसुद्धा सांडला नाही. मी तिथूनच साडूंना फोन लावला.

"साडूभाऊ, आज झालं काहीतरी!" म्हटलं, आणि सगळं सांगितलं.  पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग नेहमीच्या करड्या स्वरात त्यांनी विचारलं, "वायरीबरोबर नवी दोरी ओढून ठेवलीत ना? पुढच्यासाठी?"

माणूस हत्यारं आवरून जिना उतरत होता. मी फोन कानाशी तसाच धरून त्याच्यामागे धावलो.