‘येत नाही’ म्हणायचं नाही

आमच्या शाळेत ‘येत नाही’ असं म्हणायचं नाही, हा नियम मोठ्या बाईंचा. मुख्याध्यापिकांना मुलं मोठ्या बाई म्हणतात, आणि मुलांचं ऐकून आम्ही शिक्षिकाही. पाढा येतो का? येतो. कविता येते का? येते. म्हणताना अडखळलं तरी चालेल, पण आधी हात वर झाला पाहिजे. ज्याचा हात खाली राहील त्याला सगळ्यांसमोर उभं करून ‘मला येतं, मला येतं’ असं म्हणायला लावत. मला हा प्रकार पटत नसे, आणि माझी जीभ मुळातच तिखट, त्यामुळे स्टाफरूममध्ये मी तसं बोलूनही दाखवायची. पण माझं ऐकतो कोण?

कारण बाई याच नियमावर वर आल्या होत्या. त्यांची नोकरी सुरू झाली ती नांदगाव तालुक्यात, आमच्याच संस्थेच्या दोन खोल्यांच्या शाळेत. तिथली बुजरी, मान वर न करणारी पोरं त्यांनी बोलती केली, हे मात्र खरं. तिथून पर्यवेक्षिका, मग शहरात, आमच्या इंदिरानगरच्या शाळेत मुख्याध्यापिका. आता संस्थेच्या सगळ्या प्राथमिक शाळांच्या प्रमुख म्हणून त्यांचं नाव जवळजवळ ठरलं होतं. बक्षीस समारंभात संस्थेचे अध्यक्ष ते जाहीर करणार, अशी कुजबुज होती.

तो समारंभ होता पोहण्याच्या स्पर्धांचा. संस्थेला अचानक जलतरणाची हौस आली आणि प्रत्येक शाळेतून निदान एक तरी स्पर्धक हवा असा निरोप आला. आमच्याकडे तलाव सोडा, हात धुवायच्या नळालाही दुपारनंतर पाणी नसतं. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?’ मी म्हटलं. बाई नुसत्या हसल्या. दुसऱ्या दिवशी परिपाठ संपल्यावर त्यांनी माईकवरून विचारलं, ‘पोहता कोणाकोणाला येतं?’

सगळ्या शाळेचे हात वर! चड्डीची नाडीसुद्धा बांधता न येणाऱ्या पहिलीतल्या पोरांचेही. मला हसू आवरेना. आता ते हसू आठवलं की माझ्याच अंगावर काटा येतो.

बाईंनी माझ्या वर्गातली, चौथीतली एक उंच, लांब हातापायांची मुलगी पुढे बोलावली. ‘कुठे शिकलीस गं?’

‘मामाच्या गावाला. सुट्टीत.’

‘गाव कुठलं?’

‘नांदगावजवळ.’

झालं! बाईंचा चेहरा खुलला. ‘विहिरीत शिकलेलं पोर पट्टीचं असतं,’ त्या मला म्हणाल्या. ‘शहरातली मुलं काय, ट्यूब घालून पोहतात.’ माहेरचं माणूस भेटल्यासारखा त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मुलगी इतकी फुलली, की दिवसभर वर्गात तिचं लक्ष नव्हतं.

स्पर्धेच्या दिवशी तलावाभोवती पालक, शिक्षक, लाऊडस्पीकर असा नुसता गोंगाट होता. आमची मुलगी अगदी कडेच्या पट्ट्यात उभी होती. टोपी कपाळावर घट्ट बसवलेली, गॉगल दुसऱ्या कोणाचा तरी मागून आणलेला. शिट्टी वाजली आणि सगळ्यांबरोबर तीही उडी मारून आत गेली.

बुडणारा माणूस हातपाय झाडतो, ओरडतो, अशी माझी समजूत होती. तसं काहीच झालं नाही. बाकीच्या पट्ट्यांतून पाणी उडत होतं, आमचा पट्टा शांत होता.

‘बघा,’ मोठ्या बाई माझा हात दाबून म्हणाल्या, ‘विहिरीतली सवय. खालून येतेय.’

आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. मूल तळाशी जात होतं आणि आम्ही दोघी, शिकल्यासवरलेल्या बायका, काठावर उभ्या राहून टाळ्या वाजवत होतो. आजही मी भाजी चिरताना, बसमध्ये, कुठेही ते आठवून थबकते. हे घडलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत घडलं, यावर माझा विश्वास बसत नाही.

जीवरक्षकाने उडी टाकली तेव्हा कुठे मला कळलं. त्याने तिला वर आणेपर्यंत मोठ्या बाई काठाच्या पायऱ्या उतरून साडीसकट कमरेएवढ्या पाण्यात गेल्या होत्या. त्यापुढे त्यांना जाता येईना. पोहता त्यांनाही येत नव्हतं. मुलीचे ओठ निळे पडले होते. तिची छाती दाबली तसं तोंडातून पाणी आलं, मग खोकला, मग एक बारीक रडणं.

अध्यक्षांच्या गाडीतून आम्ही तिला दवाखान्यात नेलं. मी तिला मांडीवर घेतलं होतं. द्वारका चौकात गाडी अडकली. पुढे ट्रक, मागे बस, हॉर्न. अध्यक्ष ड्रायव्हरशेजारून वळून म्हणाले, ‘हे बघा, काठावर पाय घसरला, एवढंच सांगायचं. उगाच तुमच्या नेमणुकीच्या आड नको यायला.’

मोठ्या बाईंनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. साडीतून पाणी ठिबकत होतं आणि त्या माझ्याकडे बघत होत्या.

‘मे महिन्यात नांदगावच्या विहिरीत पाणी असतं का हो?’

त्यांनीच तिथले कितीतरी उन्हाळे काढलेले. टँकर आला की शाळा सोडून हंडे धरायला पळणारी पोरं त्यांनीच बघितलेली. हे सारं माहीत असलेली एकच व्यक्ती आमच्या शाळेत होती, आणि तिलाच त्या दिवशी ते आठवलं नव्हतं.

अंबडच्या कंपनीतलं काम टाकून मुलीची आई दवाखान्यात धावत आली. अध्यक्षांनी ‘पाय घसरला’ असं म्हणायला सुरुवातही केली.

‘घसरला नाही,’ मोठ्या बाई म्हणाल्या. ‘मी पाठवली. तिला पोहता येत नाही. एकदा पाण्यात उतरवून बघायचं, तेही मी केलं नाही.’

ती नेमणूक त्याच क्षणी गेली, हे आम्हा सगळ्यांना कळलं. पुढे त्या जागेवर दुसऱ्या शाळेतले एक सर आले.

आई ओरडेल, अंगावर येईल, असं मला वाटलं होतं. ती गोंधळून बाईंकडे बघत राहिली. ‘पण ती तर घरी बी म्हनली, मला येतं. आमच्या भावाकडं प्यायला पाणी नाय, पवायला कुठलं? मी म्हनलं, शाळेत शिकवलं आसंल.’

शाळेला वाटलं गावात शिकली, आईला वाटलं शाळेत शिकली, आणि मध्ये एक पोर सगळ्यांना ‘येतं’ म्हणत राहिली.

तेवढ्यात डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं. मुलीच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. छाती भराभर वरखाली होत होती. डॉक्टरांनी मास्क जरा बाजूला केला. ‘बाळा, खोल श्वास घेता येतोय का?’

तिने दारात उभ्या असलेल्या मोठ्या बाईंकडे पाहिलं.

‘येतो,’ ती म्हणाली आणि खोकल्याची उबळ येऊन वाकडी झाली.

मोठ्या बाई पलंगाजवळ जाऊन खाली बसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज असा फाटलेला ऐकला नव्हता. ‘नाही येत म्हण, बाळा. येत नसेल तर नाही म्हण. कोणी रागावणार नाही. म्हण.’

मुलगी घाबरली. तिने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली, म्हण म्हण, अशी. तिने दम गोळा केला. पहिल्यांदा आवाज कमी पडला असं तिला वाटलं असावं.

‘येतो, बाई!’ ती जोरात म्हणाली.